आकडा बरोबर, जागा चुकली

गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारचे बारा वाजले की आमच्या रुग्णालयातील केसपेपरच्या खिडकीवरचा संगणक मंदावू लागे. सकाळी नऊला मिनिटभरात होणारी एका रुग्णाची नोंद दुपारी चार-पाच मिनिटे खाई. रांग व्हरांड्यातून पत्र्याच्या शेडपर्यंत आणि शेडमधून थेट उन्हात जाई. बाहेर पारा ४४ वर. त्या रांगेत गर्भार बाया, डायलिसिसचे रुग्ण, नातवाला कडेवर घेतलेल्या म्हाताऱ्या. ज्यांना ऊन बाधते, तेच उन्हात उभे.

तक्रार केली. देखभालीचे कंत्राट असलेल्या संस्थेचा माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याच्याकडे पिस्तुलासारखा थर्मामीटर होता. संगणकाच्या पत्र्याच्या डब्यावर त्याने तो रोखला. ४१ अंश सेल्सियस. ‘‘खोलीच तापली आहे सर, मशीन ओके आहे. सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असेल,’’ असे म्हणून त्याने माझी सही घेतली आणि तक्रार बंद केली. मीही सही दिली. आकडा समोर दिसत होता, तो खोटाही नव्हता.

खिडकीवर बसणारा कंत्राटी मुलगा मात्र चिवट निघाला. त्याने संगणकातच एक छोटासा प्रोग्रॅम उघडून मला बोलावले. त्यात प्रोसेसरचे, म्हणजे संगणकाच्या मेंदूचे, आतले तापमान दिसत होते. ९९ अंश. डब्याच्या पत्र्यावर ४१ आणि वीतभर आत ९९. ‘‘सर, हा जळू नये म्हणून स्वतःच स्लो होतोय,’’ तो म्हणाला. डबा उघडला तेव्हा आत धुळीची गोधडी होती, ती अपेक्षितच. खरी भानगड वेगळी होती. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. तो ठोकळा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर दाबून बसतो. त्यातली एक खुंटी निसटली होती. ठोकळा केसभर तिरपा झाला होता आणि त्याखालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. पंखा जोरात फिरत होता. मी पात्यांना बोट लावले, तर ती जेमतेम कोमट. खाली चिप भाजत होती आणि तिच्या डोक्यावरचा ठोकळा निवांत होता, कारण उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हती.

मला तेव्हा जरा अस्वस्थ वाटले. त्याचे कारण संगणक नव्हता. त्याच आठवड्यात एका माणसाच्या बाबतीत मी हीच चूक केली होती. त्याबद्दल पुढे सांगतोच. आधी चिपचे प्रकरण पूर्ण करू, कारण माणसाच्या शरीरात गुंतागुंतीने घडणारी गोष्ट चिपमध्ये फार स्वच्छ दिसते.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. घरगुती किंवा कार्यालयीन संगणकात तो कामाच्या भरात सहज साठ-पासष्ट वॅट उष्णता टाकतो. जुना साठ वॅटचा बल्ब आठवून पाहा. त्याची काच मुठीएवढी, तरी हात लावता येत नसे. इथे तेवढीच उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर पडायची असते. ती सिलिकॉनमधून वर येते, पातळ थरातून तांब्याच्या झाकणात जाते, झाकणावरच्या पेस्टमधून ॲल्युमिनियमच्या पात्यांत, तिथून पंख्याच्या हवेत, हवेतून डब्यात आणि शेवटी खोलीत. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर तापमान थोडे-थोडे उतरते. म्हणून ‘प्रोसेसरचे तापमान किती’ हा प्रश्नच अर्धवट आहे. चिपच्या आत एक उत्तर, झाकणावर दुसरे, पात्यांवर तिसरे, डब्यावर चौथे. चारही खरी असतात. चिप वाचणार की नाही, हे मात्र फक्त पहिले उत्तर सांगते.

बाकीच्यांवरून पहिल्याचा अंदाज बांधता येतो, पण मधला रस्ता मोकळा असेल तरच. रस्ता तुंबला की बाहेरचे आकडे उलटे बोलू लागतात. तांबे उष्णता किती सहज वाहून नेते याचे माप धरले, तर हवा त्याच्या दहा हजारांव्या हिश्शाइतकीही नाही. खुंटी निसटल्याने पडलेली केसभर फट म्हणजे हवेची भिंत. अशा वेळी पाती जितकी गार, तितकी आत आग जास्त.

संवेदक, म्हणजे सेन्सर, कुठे बसवायचा हा प्रश्न संगणकवाल्यांनाही अनुभवानेच कळत गेला. १९९० च्या दशकातल्या अनेक संगणकांत तापमान मोजणारा मण्यासारखा थर्मिस्टर प्रोसेसरच्या खाली, सॉकेटच्या पोकळीत उभा असे. चिप आणि तो यांच्यात प्रोसेसरची बैठक आणि थोडी हवा. तो मोजत होता खरा, पण मोजत होता चिपच्या तळघरातली हवा. चिप एका क्षणात वीस-तीस अंश वर जाऊ शकते. या मण्याला ते कळायला कितीतरी सेकंद लागत. कळेपर्यंत व्हायचे ते होऊन जाई.

२००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने एक प्रयोग चित्रित केला, तो त्या काळी फार गाजला. संगणकावर खेळ चालू असतानाच प्रोसेसरवरचा थंड ठेवणारा ठोकळा उचलून काढला. इंटेलच्या पेंटियम ४ मध्ये तापमानाचा संवेदक आणि त्यावर वेग कमी करणारी यंत्रणा, दोन्ही चिपच्या आतच होती. खेळ रखडला, अगदी गोगलगायीसारखा चालला, पण चिप जगली. एएमडीच्या त्या वेळच्या ॲथलॉनमध्ये अशी आतली राखण नव्हती. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच धूर निघाला. तापमान ३०० अंशांच्या वर गेले होते. काही मदरबोर्डांवर बाहेरचा संवेदक असे, पण वेळ हातात होता तो इतका थोडा, की बाहेरून मोजणारा कितीही चोख असता तरी उपयोग नव्हता. हा फरक प्रोसेसरच्या ताकदीचा नव्हता. मोजणारा आत बसला आहे की बाहेर, एवढाच होता.

आत म्हणजे नेमके कसे मोजतात, हेही सांगण्यासारखे आहे. चिपच्या आत काच आणि पाऱ्याला जागा नाही. पण सिलिकॉनचा स्वतःचाच एक गुण आहे. त्याच्या डायोडमधून ठरावीक प्रवाह सोडला, तर त्याच्या दोन टोकांमधला विद्युतदाब प्रत्येक अंश सेल्सियसमागे साधारण दोन मिलिव्होल्टने घटतो. म्हणजे ज्या मातीचा घडा, त्याच मातीचा थर्मामीटर. आता एका चिपवर असे अनेक संवेदक असतात. प्रत्येक गाभ्याला वेगळा, आणि जिथे सर्वात अवघड आकडेमोड चालते त्या भागांच्या जवळ. तरीही नेमक्या तप्त बिंदूवर संवेदक बसवता येतोच असे नाही, कारण ती जागा कामाच्या सर्किटने व्यापलेली असते. मिलिमीटरभर बाजूला सरकले तरी काही अंशांचा फरक पडतो. म्हणून चिप बनवणारे मर्यादा ठरवताना हात राखून ठरवतात.

त्यातली एक गोष्ट मला डॉक्टर म्हणून फार आवडली. २००६ च्या सुमारास इंटेलच्या प्रोसेसरांत जे डिजिटल संवेदक आले, ते मुळात ‘तापमान किती’ हे सांगतच नाहीत. ‘धोक्याच्या रेषेपासून किती अंश लांब आहोत’ एवढेच सांगतात. ती रेषा बऱ्याच प्रोसेसरांत १०० अंशांच्या आसपास असते. त्यातून वजाबाकी करून पडद्यावर आकडा दिसतो. हे संवेदक रेषेजवळ चांगले चालतात, खालच्या तापमानाला ढोबळ असतात. ज्या टोकाला चूक महागात पडते त्या टोकाला अचूक राहा, बाकी थोडे इकडेतिकडे झाले तर चालेल, असा हा व्यवहारी हिशेब.

दुसरी गोष्ट याच्या उलट, सावध करणारी. २०१७ मध्ये एएमडीच्या रायझन प्रोसेसरांपैकी काही मॉडेले तापमान खऱ्यापेक्षा २० अंश जास्त दाखवत. बिघाड नव्हता. पंख्यांचे नियंत्रण सगळ्या मॉडेलांत सारखे चालावे म्हणून कंपनीनेच ती भर घातली होती, आणि लोकांनी विचारल्यावर तसे स्पष्टही केले. पण तोवर हौशी लोकांनी चांगले बसवलेले ठोकळे काढून पुन्हा बसवले. पडद्यावरचा आकडा म्हणजे संवेदकाचा आकडाच असेल, असेही धरून चालता येत नाही. मध्ये कोणी काही मिळवले आहे का, हे माहीत असावे लागते. काखेतल्या तापात ‘एक डिग्री मिळवा’ असे सांगणाऱ्या आम्हा डॉक्टरांना यावर हसायचा अधिकार नाही.

ज्यांना बाहेरून संवेदक लावायचाच आहे, त्यांच्यासाठीही जागा ठरलेली असते. इंटेलच्या जुन्या मार्गदर्शकांत प्रोसेसरच्या तांब्याच्या झाकणाचे तापमान झाकणाच्या बरोबर मध्यबिंदूवर मोजायला सांगितले आहे. त्यासाठी झाकणात बारीक खाच कोरून केसासारखी तार त्यात बसवतात, म्हणजे वरचा ठोकळा सपाटच टेकतो. खाच न कोरता तार मधे सरकवली, की त्या तारेनेच फट पडते आणि मोजण्याच्या नादात चिप तापते. तार पात्यांना चिकटवली, तर पात्यांचे तापमान कळते. पंख्याच्या झोतात लोंबती ठेवली, तर वाऱ्याचे. शिवाय जाड तार स्वतःच उष्णता ओढून नेते आणि टोकाशी कमी दाखवते.

आता त्या माणसाकडे येतो.

तो रस्त्याच्या कामावरचा मजूर. दुपारी दोनच्या सुमारास बरोबरचे लोक त्याला ऑटोत घालून घेऊन आले. असंबद्ध बडबडत होता, मधेच हात झटकत होता. येताना कोणीतरी डोक्यावर बाटलीभर पाणी ओतले होते आणि कपाळाला ओला दुपट्टा गुंडाळला होता. दारातल्या कर्मचाऱ्याने कोविडच्या काळापासून हाताशी असलेले कपाळाचे पिस्तूल रोखले. ९८.६ फॅरनहाइट, म्हणजे अगदी पुस्तकी नॉर्मल. आत सिस्टरांनी काखेत थर्मामीटर लावला. १०१. केसपेपरवर ‘टेंप १०१’ असे लिहून तो माझ्याकडे आला. ताप आणि बरळणे. मी मलेरियाची तपासणी लिहिली, मेंदूज्वराची शंका लिहिली, सलाइन लावले. बरोबरचा माणूस दोनदा म्हणाला, ‘‘साहेब, हातपाय तर गार पडून रायले ना याचे.’’ मी ऐकले आणि सोडून दिले.

जवळजवळ अर्ध्या तासाने एक ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, याच्या पोटाला हात लावून बघा.’’ पोट तव्यासारखे होते. शस्त्रक्रियागृहातून भूलतज्ज्ञांची तपमापी तार मागवली आणि ती गुदद्वारातून आत सरकवली. १०६.४. म्हणजे ४१ अंश सेल्सियसच्या वर. उष्माघात होता, उघड उष्माघात, विदर्भातल्या मे महिन्यात, रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला. तीस वर्षे या प्रदेशात रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या नजरेतून तो अर्धा तास सुटला, कारण केसपेपरवर १०१ लिहिले होते.

काय झाले होते, ते आता चिपच्या भाषेत सांगता येईल. शरीराचा गाभा म्हणजे मेंदू, हृदय, यकृत, मूत्रपिंडे. तिथली उष्णता रक्त वाहून त्वचेकडे आणते आणि त्वचेवरून घाम ती हवेत टाकतो. रक्त हीच पेस्ट, त्वचा हीच पाती. उष्माघाताच्या पुढच्या टप्प्यात शरीरातले पाणी आटते, रक्तदाब पडतो आणि उरलेले रक्त गाभ्याकडे वळवण्यासाठी त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. हातपाय गार पडतात. काखेकडचा पुरवठाही घटतो. खुंटी निसटलेली असते. बाहेरून ठोकळा कोमट लागतो आणि आत ९९ अंश झालेले असतात. तो सोबती बिचारा निदानच सांगत होता.

उष्माघात म्हणायला गाभ्याचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर आणि सोबत मेंदूच्या कामात बिघाड, अशी सर्वसाधारण कसोटी आहे. या कसोटीतला महत्त्वाचा शब्द ‘गाभ्याचे’ हा आहे, आणि घाईत गळतो तोही हाच. उपचारात मिनिटे मोजायची असतात. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड करता आले, तर जगण्याची शक्यता फार चांगली असते. आमचा तो अर्धा तास मलेरियाच्या तपासणीत गेला. पुढे बर्फ, ओल्या चादरी, पंखे, सगळे झाले. रुग्ण वाचला. पण मूत्रपिंडांना दणका बसला आणि दोनदा डायलिसिस करावे लागले. चूक यंत्राची नव्हती, सिस्टरांचीही नव्हती. ‘कुठे मोजले’ हे विचारायचे काम माझे होते.

आणि आतला आकडा मिळाला म्हणजे सगळे संपले असेही नाही. गुदद्वारातील तापमान गाभ्याच्या जवळ असते, पण संथ असते. शरीर झपाट्याने थंड करत असताना रक्त आधी निवते आणि तिथला आकडा मागून रेंगाळत उतरतो. म्हणून १०२ च्या आसपास आल्यावर बर्फ थांबवायचा. ९८.६ दिसेपर्यंत थांबलो, तर रुग्ण पुढे निवतच जातो. सॉकेटच्या पोकळीतल्या त्या मण्याचा दोष तो हाच, मागे पडण्याचा. फरक इतकाच, की तिथे तो चढताना नडायचा, इथे उतरताना नडतो.

वैद्यकात या जागेच्या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. ३७ अंश सेल्सियस हा ‘नॉर्मल’ आकडा आपल्याकडे आला तो जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथातून. त्यांनी हजारो रुग्णांची तापमाने घेतली आणि प्रामुख्याने काखेतून घेतली. त्यांचा थर्मामीटर सुमारे फूटभर लांब आणि काखेत पंधरा-वीस मिनिटे धरून ठेवायचा. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी तरुणांच्या तोंडात आधुनिक थर्मामीटर ठेवून मोजले, तेव्हा सरासरी ३६.८ आली आणि दिवसभरात अर्धा अंश वरखाली होणे अगदी नेहमीचे दिसले. पहाटे कमी, संध्याकाळी जास्त. सव्वाशे वर्षे जगभर ज्या आकड्यावरून ताप आहे की नाही ते ठरवले, तो मुळात काखेतला, आणि आपण तो तोंडालाही लावत आलो, कपाळालाही.

कपाळाच्या पिस्तुलाबद्दल माझे मत कडक आहे. गर्दीत, दाराशी, न शिवता चाळणी लावायला ते कोविडच्या काळात आणले गेले. त्यातही लोक ते मनगटावर रोखत. ते त्वचेवरून निघणारे अवरक्त किरण वाचते आणि त्यावरून आतल्या तापमानाचा हिशेब मांडते. उन्हातून आलेल्याचे कपाळ तापलेले असते, एसी गाडीतून आलेल्याचे गार, घाम आलेल्याचे त्याहून गार. उन्हाळ्यात आपत्कालीन विभागाच्या दारात ते असू नये. निदान त्याच्या आकड्यावरून कोणालाही ‘ताप नाही’ म्हणून रांगेत मागे उभे करू नये.

घरच्या थर्मामीटरबद्दलही दोन शब्द, कारण फोनवर रोज प्रश्न येतात. काखेत लावायचा तर आधी घाम पुसा, टोक काखेच्या खोल भागात बनियनच्या आत जाऊ द्या आणि दंड अंगाशी घट्ट धरा. डिजिटल असेल तर बीप वाजेपर्यंत, पाऱ्याचा असेल तर पाच मिनिटे. तोंडात लावायचा तर जिभेखाली, आणि त्याआधी पंधरा-वीस मिनिटे चहा किंवा गार पाणी नको. डॉक्टरांना आकडा सांगताना स्वतःच्या मनाने एक डिग्री मिळवू नका. ‘काखेत १०१, दुपारी चारला, पॅरासिटामॉल दिल्यावर तीन तासांनी’ असे सांगा. मिळवामिळवी आमच्यावर सोडा.

जागेची हीच खोट फ्रीजमध्येही सापडते, आणि तिथे ती कोणाच्या लक्षातही येत नाही. लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. वरून उघडणाऱ्या लस-शीतपेटीत तळ सर्वात गार असतो. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट या लसी गोठल्या की निकामी होतात, आणि पुन्हा वितळल्यावर वरवर पाहता तशाच दिसू शकतात. म्हणून त्या तळाला टेकू न देता टोपलीत ठेवतात आणि थर्मामीटर लसींच्या मधोमध ठेवतात. झाकणाखाली लटकवलेला थर्मामीटर ५ दाखवत असताना तळाची कुपी गोठलेली असू शकते. घरच्या फ्रीजमधल्या इन्सुलिनचेही तसेच. फ्रीजरच्या लगतच्या ट्रेमध्ये ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे. शंका असेल तर मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. पाणी कशाला? नुसता ठेवलेला थर्मामीटर दार उघडले की आत शिरलेल्या हवेचे तापमान दाखवतो. कुपीतल्या औषधाशी पेल्यातल्या पाण्याचेच जास्त जमते. लस साठवणीत संवेदक ग्लायकॉलच्या बाटलीत बुडवून ठेवतात, तो याच कारणाने.

हवामानाचे तर सगळे शास्त्रच जागेवर उभे आहे. पांढऱ्या रंगाची, झडपांची, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरची ती लाकडी पेटी स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंता थॉमस स्टीव्हनसन यांनी आखली. जगभरची तापमाने सावलीतली आणि खेळत्या हवेतली असावीत, म्हणून. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि मोबाइलवर धुमाकूळ झाला. संवेदकात बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर सांगितले. शहरातली दुसरी केंद्रे त्याच सुमारास ४४ च्या आसपास होती. पण मला त्या ५६ पेक्षा ४४ ची जास्त काळजी वाटते. ते पेटीच्या सावलीतले ४४ आहे. डांबरी रस्त्यावर उन्हात वाकून काम करणाऱ्याला भोगावे लागते ते त्याहून पुष्कळ जास्त. ‘आज ४२ च आहे’ म्हणून काम सुरू ठेवणारा मुकादम पेटीतला आकडा वाचतो आणि मजुराला पेटीबाहेर उभे करतो.

केसपेपरच्या खिडकीचा प्रश्न तासाभरात सुटला. धूळ उडवली, जुनी पेस्ट खरवडून पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, चौथी खुंटी टकदिशी बसवली. पडद्यावरचा आकडा ९९ वरून ६० च्या घरात आला आणि रांग शेडच्या आत आली. एक निसटलेली खुंटी, आणि तिच्यापायी किती दुपारी किती माणसे उन्हात उभी राहिली, याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. कंत्राटात मात्र ‘तापमान तपासणे’ हे कलम होते आणि ते रीतसर पूर्णही झाले होते. कुठले तापमान, हे त्यात लिहिलेले नव्हते. आता नव्या मसुद्यात आम्ही ‘प्रोसेसरच्या अंतर्गत संवेदकाचे तापमान, संगणक किमान अर्धा तास चालू असताना’ असे लिहून पाठवले आहे. मंजूर होते की नाही ते बघू.

रुग्णांच्या बाबतीत मागणी याहून साधी आहे. सरकारी केसपेपरवर नाडी, श्वास, रक्तदाब, तापमान यांचे रकाने छापलेले असतात. तापमानाच्या रकान्यापुढे ‘जागा’ असा आणखी एक रकाना छापावा. शाईखेरीज त्याला खर्च नाही. आणि उन्हाळ्यात उष्माघात कक्ष उघडायचे आदेश निघतात, त्यात पलंग, कूलर, बर्फ आणि ओआरएसच्या जोडीने गाभ्याचे तापमान मोजणारी तार आणि ती कशी घालायची याचे एक दुपारचे प्रशिक्षण असावे. ग्रामीण रुग्णालयात तार नसेल, तर गुदद्वारासाठी राखून ठेवलेला, वेगळी खूण केलेला साधा डिजिटल थर्मामीटरही चालेल. आमच्याकडे भूलतज्ज्ञांच्या कपाटातून मागून आणावी लागते, आणि दुपारी दोनला ते कपाट बहुतेक वेळा कुलूपबंद असते.

तोवर आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी स्वतःची पद्धत सुरू केली आहे. तापमानाच्या आकड्यापुढे लाल पेनने एक अक्षर. ‘का’ म्हणजे काख, ‘तों’ म्हणजे तोंड, ‘गु’ म्हणजे गुदद्वार. परवा रात्रपाळीला नव्या इंटर्नने केसपेपर आणला, त्यावर नुसतेच ‘१०२’ होते. सिस्टरांनी तो त्याच्या हातात परत दिला आणि विचारले, ‘‘कुठलं?’’